शेवटच्या हजेरीचा दिनांक

फुलसिंग नाईक तांड्यावरचं एकही लेकरू असं नव्हतं, की ज्याचा जन्म निदान कागदावर तरी एक जूनला झालेला नाही. आई सांगणार, कापूस येचायच्या दिसांत झालं; बाप सांगणार, त्या साली लई पानी व्हतं; आणि व्यंकटराव गुरुजी दोघांचंही शांतपणे ऐकून घेऊन जनरल रजिस्टरात एक जून लिहिणार. साल तेवढं पोराच्या दातांकडे बघून ठरवायचं. यात गुरुजींनाच दोष द्यायचं कारण नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गुरुजींनी त्यांनाही एक जूनचंच केलं होतं, आणि म्हणूनच ते एकतीस मे दोन हजार चारला निवृत्त होणार होते. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला नऊ महिने उरले होते.

गुरुजी राहायला वसमतला. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं हट्ट्याला उतरायचं, तिथून अडीच किलोमीटर पायी तांडा. शाळा म्हणजे एक खोली, पुढं व्हरांडा, पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि चारही वर्गांना मिळून एकटे गुरुजी. माणूस नाकासमोर चालणारा. इतक्या वर्षांत खडूचा एक तुकडा त्यांनी कधी खिशातून घरी नेला नाही. केंद्रप्रमुख तपासणीला आले की दुसऱ्या मास्तरांना म्हणायचे, रेकॉर्ड कसं ठेवावं ते व्यंकटरावांकडून शिका. आणि याच व्यंकटरावांनी चार वर्षं एका मेलेल्या मुलीची हजेरी लावली.

शितल वसराम राठोड, जनरल रजिस्टर नंबर दोनशे चौदा. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जूनमध्ये ती पहिलीत आली. बाप वसराम दुसऱ्यांच्या शेतात सालगडी, आई जिवनबाई रोजानं निंदायला जाणारी, घरी एक धाकटी बहीण पुजा. शितल म्हणजे काही फार हुशार वगैरे नव्हती. पाटीवर 'ग' उलटा काढायची आणि दाखवून दिलं तरी पुन्हा उलटाच काढायची.

गुरुजींची एक पद्धत होती. प्रगतिपत्रकावर उंची-वजनाचा रकाना असतो, बाकीचे मास्तर तो अंदाजपंचे भरून टाकतात. गुरुजी मात्र दर जुलैत एकेका पोराला शाळेच्या दाराच्या चौकटीला टेकवून उभं करत, डोक्यावर पट्टी आडवी धरत आणि कर्कटकाच्या टोकानं लाकडावर रेघ ओढून शेजारी पोराचा नंबर कोरत. चौकट सागवानी होती, टिकाऊ होती. त्या जुलैत दोनशे चौदाची रेघ एकशे चार सेंटिमीटरवर आली.

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी दोन दिवस शितलला ताप भरला. पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेत होते, ती हट्ट्याच्या अलीकडेच संपली. दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत आले तर पोरं व्हरांड्यातच उभी होती.

"गुरुजी, शितल मेली," एकानं सांगितलं.

"बरं," गुरुजी म्हणाले.

त्यांनी कुलूप काढलं, प्रार्थना घेतली, दोन मिनिटं उभं राहायला लावलं, आणि खुर्चीत बसून हजेरीपट उघडला. लाल पेन काढलं. नाव कमी करायचं तर लाल रेघ मारून शेरा लिहायचा असतो. तेवढ्यात दारात सावली पडली. जिवनबाई उभी होती. डोळे कोरडे, हातात खुरपं. मुलीला जाऊन एक रात्र झाली होती आणि बाई खुरपं घेऊन कामावर निघाली होती.

"आज नगा खोडू, गुरुजी," ती म्हणाली. "उद्या खोडा."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि भिंतीला टेकून बाहेरच उभी राहिली. गुरुजी हजेरी घ्यायला लागले आणि तोंडातून सवयीनं नाव निघून गेलं, शितल वसराम राठोड. वर्गात कुणी बोललं नाही. जिवनबाईनं ते ऐकलं, पदर सावरला आणि निंदायला निघून गेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. 'उद्या खोडा' मधला उद्या काही आला नाही, आणि गुरुजींनीही तो ओढून आणला नाही.

माणूस एवढा सरळ, मग खोटं लिहिताना त्यांना काहीच कसं वाटलं नाही, असं कुणीही विचारील. तर खरं सांगायचं म्हणजे त्यांना काही वाटतच नव्हतं. ते 'बरं' म्हणाले त्या सकाळीच त्यांच्या आत काहीतरी बधिर झालं ते झालंच. दाढ काढून आल्यावर आपल्याच गालाला हात लावावा आणि तो गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा, तसं. घरी गंगूताई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "अहो, आमटीत मीठ टाकायचं राहिलं होतं, तुम्ही बोललासुद्धा नाहीत." गुरुजी म्हणायचे, "असेल." बाई आपल्या कपाळाला हात लावायच्या.

बरं, खोटं करतानाही माणसाचा मूळ स्वभाव जात नाही. तेव्हा शाळेत ऐंशी टक्के हजेरी असणाऱ्या पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे. मेलेल्या पोरीच्या नावानं तांदूळ उचलले असं कुणी म्हणायला नको, म्हणून गुरुजी तिची हजेरी दर महिन्याला मोजून एकोणऐंशी टक्क्यांवर ठेवायचे. महिन्याच्या शेवटी तिला ताप यायचा, नाहीतर ती मामाच्या गावाला जायची. त्या दिवशी तिचं नाव न घेताच गुरुजी पुढं जात, आणि भिंतीपाशी उभी असलेली जिवनबाई जरा वेळ वाट बघून निघून जाई.

पुढच्या जूनमध्ये धाकटी पुजा पहिलीत आली. पहिल्याच आठवड्यात शितलचं नाव घेतल्यावर ती उठून म्हणाली, "हजर, गुरुजी." तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरातल्या कुणीतरी बोलायला पाहिजे एवढंच तिला कळलं असावं. तेव्हापासून पुजा दोनदा हजर होऊ लागली, एकदा बहिणीसाठी आणि एकदा स्वतःसाठी, आणि काही दिवसांनी तांड्यावरच्या पोरांना त्यात वावगं वाटेनासं झालं.

दर एप्रिलमध्ये शितल पास व्हायची. पहिली, दुसरी, तिसरी. ना फार चांगली, ना वाईट, पन्नास-बावन्न टक्के. जिवनबाई इतर आयांबरोबर रांगेत उभी राहून प्रगतिपत्रक घेऊन जायची. तिला वाचता येत नव्हतं. ती एकच विचारायची, "आता कवडी झाली, गुरुजी?" गुरुजी उंचीचा रकाना बघायचे. तो त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच भरलेला असायचा. मग ते हवेत हात धरून दाखवायचे, एवढी. शेवटच्या एप्रिलमध्ये तो हात जिवनबाईच्या काखेला लागला. "लवकर वाडून राहिली," ती म्हणाली होती.

चौकटीवर मात्र गुरुजींनी एकही खोटी रेघ ओढली नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कागदावर हात चालायचा, लाकडावर चालायचा नाही.

दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये शितल चौथी पास झाली. तांड्याची शाळा चौथीपर्यंतच, पुढं पोरं हट्ट्याला जातात. गुरुजींनी बाकीच्या पाच पोरांबरोबर तिचाही शाळा सोडल्याचा दाखला लिहिला आणि जिवनबाईच्या हातात दिला. मनात म्हणाले, सुटलो. खोडायचीही गरज पडली नाही. जशी सगळी पोरं जातात तशीच तीही शाळेतून गेली. जूनमध्ये नव्या हजेरीपटात तिचं नाव नव्हतं. पहिल्या दिवशी जिवनबाई भिंतीला टेकून सगळी नावं ऐकत उभी राहिली, आणि शेवटचं नाव झाल्यावर शेताच्या वाटेला लागली. मग ती आली नाही.

इथंच सगळं मिटलं असतं. पण त्या वर्षी तालुक्यातल्या एकूण एक पोराची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायची असा आदेश निघाला. शाळेत असलेल्यांचीही, आणि एप्रिलमध्ये शाळा सोडून गेलेल्यांचीही. दर पोरामागे एक मोठा फॉर्म. दाखल कधी झालं, कुठल्या वर्गात किती हजेरी, उंची किती, शाळा सोडली तर कधी नि पुढं कुठं. गुरुजींनी जुलैत रजिस्टरं पुढं घेऊन सगळे फॉर्म सुवाच्य अक्षरात भरले. दोनशे चौदाचाही भरला. विचार केला असता तर हात थांबला असता, पण विचार सुचायला आधी कुठंतरी टोचावं लागतं, आणि ते तर कधीच बंद झालं होतं.

ऑगस्टच्या शेवटी केंद्रप्रमुखांनी त्यांच्या हातात कॉम्प्युटरमधून निघालेला लांब कागद ठेवला. त्यावर गुरुजींच्या शाळेसमोर एक ओळ होती. एक नोंद प्रलंबित, मुख्याध्यापकांनी समक्ष भेटावं.

"तुमच्यात चूक?" केंद्रप्रमुख हसले. "त्या मशीनचंच काहीतरी बिघडलं असणार."

शनिवारी सकाळची शाळा करून गुरुजी दुपारी वसमतला उतरले. पोळा होऊन तीन दिवस झाले होते, रस्त्यानं जाणाऱ्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून गेला नव्हता. बसस्टँडमागच्या एका खाजगी सेंटरनं नोंदणीचं काम घेतलं होतं. दारातच पाटी, चपला बाहेर काढाव्यात. गुरुजींनी देवळात जाताना काढाव्यात तशा चपला काढल्या. आत पंखा, पडदे, चार कॉम्प्युटर, आणि एकासमोर अबोली नावाची चोवीसेक वर्षांची मुलगी. गावातल्याच एका वकिलाच्या कारकुनाची लेक, बी.एस्सी. झालेली. तिनं समोरच्या भिंतीवर स्केचपेननं नियम लिहून चिकटवले होते. एकही रकाना रिकामा राहणार नाही. एका मुलाच्या दोन नोंदी होणार नाहीत. निघालेलं मूल कुठंतरी पोचलं पाहिजे. एका ठिकाणी लिहिलेलं दुसऱ्या ठिकाणी खोटं ठरता कामा नये.

"हे तुम्ही केलेत?" गुरुजींनी विचारलं.

"नाही सर, ते प्रोग्राममध्येच आहेत. रोज तीसजण येऊन माझ्याशी भांडतात, म्हणून भिंतीवर लावले. म्हटलं, भिंतीशी भांडा." तिनं खुर्ची पुढं सरकवली. "बसा ना. तुमचे फॉर्म इतके स्वच्छ असतात, की मी थकले की तुमचाच गठ्ठा घेते. पण हे बघा. चौथी पास होऊन तुमच्याकडून सहा मुलं निघाली. हट्ट्याच्या शाळेनं पाचवीत घेतली पाच. शितल राठोड निघाली, पण कुठं पोचलीच नाही."

"दुसरीकडे गेली असेल."

"सगळा तालुका बघितला. शेजारच्या औंढा तालुक्याची यादीसुद्धा मागवली, तिथल्या जवळा बाजारला कधीकधी जातात मुलं म्हणून. नाही. आणि पुढच्या शाळेत पोचल्याशिवाय प्रोग्राम तिला तुमच्या शाळेतून सोडत नाही. तोवर ती तुमचीच." तिनं की-बोर्ड पुढं ओढला. "'शाळाबाह्य' टाकू का? मग सर्वेक्षणवाले तिच्या घरी जातील, आईवडिलांना विचारतील, मुलीला शाळेत का पाठवत नाही म्हणून. समजावून परत आणतील."

जिवनबाईच्या दारात चारजण उभे आहेत आणि विचारतायत, मुलगी कुठाय, हे गुरुजींच्या डोळ्यांपुढं आलं.

"नको," ते म्हणाले.

अबोली हळूच म्हणाली, "सर, राग मानू नका. हिची उंची बघा. एकशे चार, एकशे नऊ, एकशे चौदा, एकशे एकोणीस. दरवर्षी बरोब्बर पाच. तुमची बाकीची मुलं कुणी तीन वाढलंय, कुणी सात. आणि हजेरी चारही वर्षं एकोणऐंशी टक्के. इतकं नीट कुणी वाढत नाही हो."

गुरुजी भिंतीवरचे नियम पुन्हा एकदा वरून खाली वाचून आले.

"ती गेली," ते म्हणाले.

"कुठं?"

"गेली म्हणजे वारली. पहिलीत असताना. नव्व्याण्णवच्या पोळ्याच्या करीला. दहा सप्टेंबर."

अबोलीचे हात की-बोर्डवरून खाली आले. तिनं 'का' असं विचारलं नाही. तिनं कारणाच्या रकान्यात मृत्यू असं निवडलं, तारीख टाकली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर टुंग असा वाजला आणि पडद्यावर चौकोन आला.

"काय म्हणतंय?"

"मृत्यूचा दिनांक शेवटच्या हजेरीच्या दिनांकाआधीचा असू शकत नाही." तिनं एका सुरात वाचलं. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मेलेलं मूल शाळेत येऊ शकत नाही, असं म्हणतंय. दोन्ही खरं धरणार नाही ते, सर. एक काहीतरी काढावं लागेल."

"काय काढायचं?"

"खरी तारीख ठेवायची तर त्यानंतरची सगळी हजेरी, निकाल, उंची, दाखला, सगळं काढायचं. पण मुख्याध्यापकांच्या सहीचं निवेदन लागतं, असं कसं झालं त्याचं. ते हिंगोलीला जिल्हा परिषदेत जातं." ती घुटमळली. "तुमचे किती महिने राहिलेत?"

"नऊ."

"मग असं करते, मी नोंदच उडवते. एक फॉर्म चुकून जास्तीचा आला, एवढंच. कुणी विचारणार नाही. फक्त तिच्या नावाचा दाखला, प्रगतिपत्रकं बाहेर राहता कामा नयेत. उद्या कुणी घेऊन आलं, तर ही कुठली मुलगी म्हणून आपण दोघंही अडकू. मंगळवारी संध्याकाळी मला फाइल पाठवायचीय."

"उडवली तर पहिलीतलंही जाईल?"

"सगळंच जाईल. ती शाळेत आलीच नव्हती, असं होईल."

"बरं," गुरुजी म्हणाले. "कागद आणतो."

तोच तो 'बरं'. बाहेर येऊन चपला घालताना त्यांना तो आठवला, पण आठवला एवढंच. सव्वाचारच्या सुमाराला ते घरी पोचले, गंगूताईंनी चहा दिला, तो त्यांनी प्यायला. निवृत्तीच्या कागदांची फाइल कपाटातून काढून पुन्हा आत ठेवली. रविवार गणपती आणण्यात गेला.

सोमवारी घंटेच्या आधी ते वसरामच्या घरापाशी थांबले. वसराम शेतावर गेला होता. जिवनबाई भाकरी फडक्यात बांधत होती. गुरुजींना दारात बघून ती उठून उभी राहिली. चार वर्षांत ते तिच्या दारात कधी आले नव्हते.

"शितलचे कागद पाहिजेत," गुरुजी म्हणाले. "प्रगतिपत्रकं, दाखला. सगळे."

"काहून?"

"आता सगळं कॉम्प्युटरवर घेतात. तो खोटं धरत नाही. तिचं नाव काढावं लागतंय."

तिनं आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पाच कागद आणले. एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. गुरुजींनी हात पुढं केला, तसे तिनं ते दिलेही. मग म्हणाली, "मला ठावं हाय, गुरुजी. ती तवाच गेली. मी काय येडी न्हाई. नाव ऐकलं की तेवडा दिस निघून जायचा, बस."

"हं."

"पन एक सांगा. ह्याच्यात तिचं खरं कोन्तं?"

गुरुजींनी पहिलं प्रगतिपत्रक वर काढलं. पहिल्या तीन महिन्यांवर बोट ठेवलं. "हे. जून, जुलै, ऑगस्ट, आणि सप्टेंबरचे पहिले थोडे दिवस. एकसष्ट दिवस ती शाळेत आली."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं मी लिहिलं."

"तुमी हातानं दाखवायचे ते? कवडी झाली ते?"

"तेही."

जिवनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग खरी कवडी व्हती?"

गुरुजींनी हात उचलला. चार वर्षं दर एप्रिलला तो हात मुकाट्यानं हवेत थांबत आला होता, आज कुठं थांबायचं ते त्याला कळेना. त्यांनी तो खाली घेतला.

"चला," ते म्हणाले.

शाळेत पोरं आपापल्या जागी बसली होती. पुजा आता चौथीत, खिडकीपाशी. आईला गुरुजींच्या मागून येताना बघून ती अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. गुरुजी दाराच्या चौकटीपाशी वाकले. चौकटीवर वर्षानुवर्षांच्या रेघा होत्या, एकावर एक चढत गेलेल्या, एकेका नंबराच्या चार-चार. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत खाली आले आणि थांबले. दोनशे चौदा. त्या नंबराची एकच रेघ होती.

जिवनबाईनं तिथं तळवा टेकला. मग तशीच चौकटीला लागून उभी राहिली आणि खाली बघितलं. तळवा तिच्या कमरेच्या थोडासा वर होता.

"एवडीशीच व्हती व्हय?" ती म्हणाली.

गुरुजींना आत कुठंतरी टोचलं. इतक्या वर्षांनी टोचलं, की ते काय आहे हे कळायलाच त्यांना वेळ लागला.

"माज्या मनात ती मोठी झाल्ती," जिवनबाई म्हणाली. तळवा तिनं उचलला नाही. "ह्या एवडीला इसरूनच गेले व्हते मी."

गुरुजी पायरीवर बसले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, जसं शनिवारी कळलं होतं तसं. की दोन वाटा आहेत. एक म्हणजे सगळंच पुसून टाकायचं, शितल नावाची मुलगी या शाळेत आलीच नव्हती. दुसरी म्हणजे खरी तारीख लिहायची. मग ही रेघ राहील, एकसष्ट दिवस राहतील, पुढची चार वर्षं जातील.

"आन् तुमाला काय करतील?"

"विचारतील, असं का केलं म्हणून. कदाचित पेन्शन अडवतील."

"काय सांगाल?"

"खरं तेच सांगीन. आई म्हणाली आज नका खोडू, म्हणून नाही खोडलं."

जिवनबाईनं तळव्याखालची रेघ बोटानं एकदा चाचपली.

"एवडी तरी ऱ्हाऊ द्या, गुरुजी," ती म्हणाली.

गुरुजी उठले. कपाटातून नव्व्याण्णव सालचा पहिलीचा हजेरीपट काढला, टेबलावर उघडला. सप्टेंबरच्या पानावर दहा तारखेनंतर त्यांच्याच सुबक अक्षरातल्या खुणा ओळीनं लागल्या होत्या. त्यांनी लाल पेन काढलं आणि दाराकडे बघितलं.

"आधी नाव घ्या एकदा," जिवनबाई म्हणाली.

गुरुजी खुर्चीत बसले. हजेरी घेताना बसतात तसे, पाठ ताठ करून.

"शितल वसराम राठोड."

पुजानं सवयीनं तोंड उघडलं आणि दाराकडे बघितलं. तिच्या याडीनं, म्हणजे जिवनबाईनं, नुसती मान हलवली, नको म्हणून. पुजानं तोंड मिटलं.

गुरुजी थांबले. कुणी हजर म्हणालं नाही. त्यांना वाटलं, पुन्हा एकदा नाव घ्यावं, एखाद्या वेळी पोरांना ऐकू येत नाही. पण समोरच्या पानावरच्या खुणा ओल्या होऊन एकमेकींत मिसळायला लागल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना रेघ सरळ मारता येत नसे.

"खोडा," दारातून जिवनबाई म्हणाली. "आता खोडा, गुरुजी."